तिकीट तुमचं, मग जबाबदारी आमची कशी?

घाटमाथ्यावरचा तो उंच पादचारी पूल ज्यांनी बांधला, जे चालवतात आणि जे संध्याकाळी त्याच्या तिकिटाचे पैसे मोजतात त्या सगळ्या साहेब लोकांना एका कोल्हापूरकराचा नमस्कार.

पुलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की काय होतं ते माहीत आहे, दोन दिवस गाजावाजा, तिसऱ्या दिवशी गेटवरच्या पोराला घरी बसवणार आणि चौथ्या दिवशी सगळं परत पहिल्यासारखं. त्या पोराची काही चूक नाही. तुमचा पूल कुठला ते तुम्हाला बरोबर कळेल, आणि तिकडं जाऊन आलेल्या माणसांना पण कळेल.

मी शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो, बावीस वर्षं झाली. शेड, गेट, जिने, रेलिंग, टाकीचे स्टँड, मिळेल ते. मी इंजिनिअर नाही हे आधीच सांगतो म्हणजे उत्तरात तेच लिहायची गरज पडणार नाही. पण लोखंड कधी दमतं आणि गंज कुठनं सुरू होतो एवढं कळतं, कारण त्याच्यावरच घर चालतं.

मागच्या महिन्यात रविवारी आईला, बायकोला आणि दोन्ही पोरांना घेऊन आलो होतो. आईचं वय एकाहत्तर. तिनं आयुष्यभर डोंगर खालनंच बघितलेत, जोतिबाचा सोडला तर. पुलाच्या शेवटच्या चार पायऱ्यांना धरायला काहीच नाही म्हणून तिला मी आणि पोरीनं दोन्हीकडनं धरून वर घेतलं. मधोमध गेली आणि थांबली. खाली दरीत ढग होता, कापूस पिंजून टाकल्यासारखा, आणि तो हळूहळू कोकणच्या बाजूला सरकत होता. रेलिंग घट्ट धरून म्हणाली, "आरं, ढग खाली हाय की रं! म्हंजे आपुन कुठं हाय?" खालनं वारा असा वर येतो की पदर सरळ उभा राहतो. कड्यावर कारवी दाटलेली, समोरच्या डोंगरावर उन्हाचा एकच पट्टा, आणि इतक्या उंचीवर पण ओढ्याचा आवाज येतो. आई दहा मिनिटं काही बोलली नाही, आणि आमच्या घरात हे किती अवघड आहे ते शेजाऱ्यांना विचारा. तेव्हा तुमचा पूल वाईट आहे असं मला म्हणायचंच नाहीये, जागा जगात भारी निवडलीय, ज्या कुणाला सुचली त्याला माझ्याकडनं एक मिसळ.

आता राग कशाचा ते सांगतो.

तिकीट काढून आत गेलं की डाव्या हाताला नवीन बोर्ड लावलाय, पिवळ्यावर लाल अक्षरात. "पर्यटकांनी पुलावर स्वतःच्या जबाबदारीवर जावे. कोणत्याही दुर्घटनेस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." तिकीट खिडकीच्या अलीकडं हा बोर्ड नाही, पलीकडं आहे. म्हणजे आधी पैसे घ्यायचे आणि मग सांगायचं की तुमचं तुम्ही बघा. आमच्या उद्यमनगरात मी एखाद्याला जिना करून दिला, पैसे घेतले आणि जिन्यावर चिठ्ठी चिकटवली की स्वतःच्या जबाबदारीवर चढा, तर ते गिऱ्हाईक मला त्याच जिन्यावरनं खाली टाकेल. गेटवर विचारलं तर पोरगा म्हणाला, "वरनं ठरलंय काका, आमाला फकस्त लावायला सांगितलं." हे वरनं म्हणजे कोण, तेवढ्यासाठी हे पत्र. दोन अर्ज दिले, दोन्हीची पोच आहे माझ्याकडं, उत्तर एकाचं पण नाही. म्हणून आता सगळ्यांच्या समोर.

पैसे देऊन सेवा घेतली की आम्ही ग्राहक होतो, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि एक पत्रा रंगवून तो कायदा पुसून जात नाही एवढं मला पण कळतं. पण कायदा बाजूला ठेवू, कोर्टात जायची हौस कुणाला आहे. मला जे दिसलं ते लिहितो.

पहिली गोष्ट माणसांची. पूल मी पावलांनी मोजला, दोनशे फुटांच्या आसपास लांब आणि पाच फूट रुंद. म्हणजे हजार चौरस फूट, चौरस मीटरमध्ये नव्वदच्या वर. पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-पुलांच्या संस्थेचे नियम आहेत, त्यात पायी चालायच्या जागेवर चौरस मीटरला 400 किलो वजन धरतात, आणि जिथं यात्रेसारखी गर्दी होते तिथं 500 किलो. चारशेनं हिशोब केला तरी सदतीस टन होतात, भरलेल्या दोन-अडीच एसटी म्हणा. तुमचा पूल किती धरून केलाय? मला माहीत नाही, गेटवरच्या पोराला माहीत नाही, आणि बोर्डवर तर लिहिलेलंच नाही. एका वेळी किती माणसं सोडायची हे पण कुठं नाही. आम्ही होतो तेव्हा मी सव्वाशेपर्यंत मोजली आणि मग मोजायचं सोडून आईला बाहेर काढलं, कारण त्यातली निम्मी माणसं मधल्या वीस फुटात एकाच बाजूला रेलिंगला टेकून फोटो काढत होती. कागदावर वजन सगळीकडं सारखं पसरलेलं असतं हो, माणसं तशी पसरत नाहीत, माणसं व्ह्यू असेल तिकडं जातात.

दुसरी हलण्याची. कॉलेजची पोरं एका तालात उड्या मारत होती, व्हिडिओसाठी. पूल हलत होता. लांब सडपातळ पूल थोडा हलणार, ते दोष नाही, पण किती हलला की थांबवायचं हे कुणीतरी ठरवलंय का? लंडनला थेम्स नदीवर मिलेनियम ब्रिज म्हणून पायी चालायचा पूल केला, 10 जून 2000 ला उघडला आणि माणसांच्या चालण्यानंच आडवा डुलायला लागला. पूल हलला की माणूस तोल सावरायला त्याच तालात पाय टाकतो, तसा तो आणखी हलतो, असं ते चक्र. दोन दिवसांत त्यांनी पूल बंद केला, हादरे शोषून घेणारे डँपर बसवले आणि 2002 मध्ये परत उघडला. नवाकोरा पूल, सगळ्या जगासमोर उद्घाटन झालेलं, तरी बंद करायला लाजले नाहीत. आपल्याकडं शिट्टी घेऊन उभा राहणारा एक माणूस पण नाही. एक होता म्हणे, तो आता पार्किंगला लावलाय. पार्किंगची पावती मात्र न चुकता फाडतात.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, ती जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तरी वाचा.

बाजूच्या वायररोपचं टोक जिथं बांधलंय तिथं दोर वळवून मागं आणतात आणि त्या दुहेरी दोरावर यू-क्लॅम्प बसवतात. या क्लॅम्पचे दोन भाग असतात, एक वाकवलेला बोल्ट आणि एक खाच असलेली बसकी. ज्या दोरावर ताण असतो त्या बाजूला बसकी यायला पाहिजे आणि बोल्टचा वाक उरलेल्या मोकळ्या शेपटाकडं. उलटं बसवलं तर बोल्ट ताणाच्या दोरालाच चेपतो, आतल्या तारा दबतात आणि दोराची ताकद कमी होते. पहिल्या वर्षाच्या हेल्परला पण हे शिकवतात, मी स्वतः चुकलो होतो तेव्हा मिस्त्रींनी पाठीत घातलेली अजून आठवते. तुमच्या पुलावर एका ठिकाणी तीन क्लॅम्प आहेत, त्यातले दोन बरोबर आणि एक उलटा. बोट लावून बघितलं तर त्याचा एक नट हातानं फिरत होता. हातानं! पोरगी म्हणाली, "पप्पा हात लावू नका, ओरडतील." ओरडायला कुणी असतं तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल की तो आधाराचा दोर आहे, मेन नाही, एका नटानं पूल पडत नाही. मान्य. पण जिथं दिसणारा नट ढिला आहे तिथं न दिसणारे कुणी बघितलेत यावर मी विश्वास कशाला ठेवू? रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी तांबूस ओघळ आलेत आणि त्यावर ब्रशनं चंदेरी रंग फासलाय. गंज घासून, रेडऑक्साईड म्हणजे गंजरोधक प्रायमर मारून मग रंग देतात. वरनंच रंग दिला की गंज आत आरामात खात बसतो, उलट दिसायचा बंद होतो. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिकडं गगनबावड्याच्या पट्ट्यात पाच हजारच्या वर. शहरातला दहा वर्षांचा गंज तिकडं दोन पावसाळ्यात येतो, हे मी त्या भागात बसवलेल्या गेटांवरनं सांगतो, परत परत दुरुस्तीला मलाच जावं लागतं.

मोरबीचं विसरलात का? 30 ऑक्टोबर 2022, गुजरात, मच्छू नदीवरचा झुलता पूल. दुरुस्ती करून चारच दिवस झाले होते उघडून, आणि 135 माणसं गेली. नंतरच्या चौकशीत काय निघालं, तर मेन केबलच्या 49 तारांपैकी 22 तारा आधीच गंजलेल्या. आणि किती तिकिटं विकायची याला काही मर्यादाच नव्हती. सुट्टीचा दिवस, खिडकी चालू, माणसं आत. मी हे वाचलं त्या दिवशी वर्कशॉपमधल्या सगळ्या पोरांना बसवून वाचून दाखवलं होतं.

आणि बोर्डाचंच म्हणत असाल तर आपल्या मावळातलं घ्या. 15 जून 2025, रविवार, तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार माणसं गेली. तिथं पण धोक्याचा बोर्ड होता. बोर्ड होता, माणूस नव्हता. बोर्ड कुणाला हात धरून मागं ओढत नाही साहेब.

कोल्हापूरकरांना पुलाचं वेगळं शिकवायला नको. 26 जानेवारी 2018 च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत गेली, 13 माणसं गेली, गणपतीपुळ्याहून देवदर्शन करून येत होती. शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता, परवानगीच्या कागदांत अडकलेला. त्याच्या शेजारची ब्रह्मपुरी टेकडी पुरातत्त्वच्या यादीत, म्हणून काम थांबलेलं. पूल झाला, पण नंतर. त्या रात्री नदीत उतरणारी पोरं कुठल्या खात्याची नव्हती, आजूबाजूचीच होती. त्या पुलावरनं मी तेव्हा रोज जायचो. आठवडाभर सगळे जण कठड्याकडं बघत गाडी चालवत होते आणि मग हळूहळू बघायचे बंद झाले, मी पण.

बाकीच्या तक्रारी पटकन सांगतो. यायला आणि जायला एकच तोंड, त्यात समोरासमोर ढकलाढकली. काचेच्या पट्ट्यावर चपला घालूनच सगळे, खडे घासून काच पांढरी झालीय, खालचं काही दिसत नाही आणि ओली झाली की साबणासारखी. (काच फुटेल ही भीती मला नाही, अशा काचेत थर असतात, एक तडकला तरी बाकीचे धरून ठेवतात. पण तडकलेला थर बदलायला पाहिजे, कोपऱ्यात एक तडा आहे त्यावर पारदर्शक टेप लावलीय. टेप!) वीज चमकायला लागली तर पूल रिकामा कोण करणार ते ठरलेलं नाही. मोबाईलला रेंज नाही. बायकांसाठी संडास आहे पण कुलूप लावलेला आणि किल्ली "साहेबांकडं". माकडांना कुरकुरे घालणाऱ्यांना कुणी बोलत नाही. हे शेवटचं तुमच्यावर नाही, आपल्याच लोकांवर आहे, पण लिहून टाकलं.

परत आल्यावर चार जणांना हे सांगितलं तर दोघं म्हणाले, जाऊ दे की, बंद पाडशील पूल, तिथल्या भजीवाल्यांच्या पोटावर पाय येईल. हे मला लागलं, कारण ते खरं आहे. तिथं कणीस भाजणाऱ्या मावशींनी आईला बसायला स्वतःचं पोतं दिलं. म्हणून स्पष्ट सांगतो, पूल कायमचा बंद करा असं मी म्हणत नाहीये. ऋषिकेशचा लक्ष्मण झुला जुलै 2019 मध्ये बंद केला, तपासणीत धोका निघाला म्हणून, नव्वद वर्षं जुना झालेला तो. तुमचा पूल नवा आहे, त्याच्यावर ती वेळ आणू नका एवढंच.

आणि एक सोपी गोष्ट सुचवतो, आपल्याकडचीच आहे. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आम्ही फुटांत बोलतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. शाळेतल्या पोराला विचारा, पाठ असतं. रस्त्यावर माणूस भेटला की "काय, किती झालं?" एवढंच विचारतो आणि समोरचा आकडा सांगतो. 2019 ला बघितलं, 2021 ला बघितलं, पाणी 50 फुटांच्या पण वर गेलं, पण आकडा माहीत होता म्हणून जनावरं सोडता आली, सामान माळ्यावर टाकता आलं, म्हातारी माणसं आधी हलवता आली. कुणी बंधाऱ्यावर "नदीकाठी स्वतःच्या जबाबदारीवर राहावे" असा बोर्ड लावला नाही. आकडा लावला. तुमच्या पुलाला पण तसाच आकडा लावा की. एवढी माणसं म्हणजे इशारा, तिकीट खिडकी बंद. एवढी म्हणजे धोका, पूल रिकामा. गेटवर दोन पोरं, एकाच्या हातात आत गेलेल्यांचा काउंटर आणि दुसऱ्याच्या हातात बाहेर आलेल्यांचा, दोनशे-तीनशे रुपयाला मिळतो, नसेल तर मी घेऊन देतो.

मागण्या एवढ्याच आहेत:

तो पिवळा बोर्ड काढा. त्याच जागी पूल कुणाच्या ताब्यात आहे त्या खात्याचं नाव, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर लिहा.

पूल किती वजन धरून केलाय, लोड टेस्ट कधी झाली, शेवटची तपासणी कधी आणि पुढची कधी, हे तिकीट खिडकीच्या अलीकडं मराठीत लावा. पैसे द्यायच्या आधी वाचता आलं पाहिजे.

एका वेळच्या माणसांचा आकडा ठरवा आणि तो पाळायला माणूस ठेवा. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी तर नक्कीच.

दोर, क्लॅम्प, नट, वेल्ड, खांबांचं बूड, सगळं बाहेरच्या स्वतंत्र इंजिनिअरकडनं तपासून घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, आणि ते होईपर्यंत पूल बंद ठेवायला लागला तर ठेवा. दोन आठवडे आम्ही पन्हाळ्याला जाऊ, काही बिघडत नाही.

वीज, धुकं आणि जोराचा वारा असताना पूल रिकामा करायचा नियम करा. आणि त्या चार पायऱ्यांना धरायला पाईप बसवा, दीड इंची पाईप पुरतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तीस दिवस वाट बघतो. तोपर्यंत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तपासणीचे सगळे अहवाल मागणार आहे, मसुदा तयार आहे. अहवाल चांगले निघाले तर तेही असंच सगळ्यांसमोर लिहीन आणि माफी मागीन, त्यात कमीपणा नाही.

आई रोज विचारते परत कधी न्यायचं म्हणून. आता तिला सकाळी लवकर जायचंय, ढग असताना. मी सांगितलंय, साहेबांचं उत्तर आलं की जाऊ.

आणि हो, तो उलटा क्लॅम्प पलीकडच्या टोकाला आहे, जाताना डाव्या हाताला, खालनं दुसरा. 19 नंबरचा पाना लागेल.

तुमचा,
उद्यमनगरातला एक फॅब्रिकेटर